गुडघा बदलला, पुढे काय झालं?

कापसाच्या तासात खुरपं घेऊन बसलेली बाई पाहिली की माणसाचा गुडघा किती वाकतो ते कळतं. मांडी पोटरीला टेकलेली, टाचा जमिनीवर, आणि त्याच बैठकीत ती तासाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकत जाते. चालताना गुडघा साधारण साठ-सत्तर अंश वाकतो, जिना चढताना नव्वदच्या आसपास. उकिडवं बसायला मात्र एकशे तीस अंशांहून जास्त लागतात. परभणी जिल्ह्यात जिंतूरपासून सोनपेठपर्यंत खुरपणी, सोयाबीनची काढणी, चुलीपुढचा स्वयंपाक, धुणं-भांडी आणि परसाकडे जाणं हे सगळं याच बैठकीत होत आलं आहे. पन्नाशी-साठीला यांतल्याच कितीतरी जणी सांगतात की गुडघे गेले.

मग एक्स-रे निघतो. गादी झिजली, गॅप राहिला नाही, वाटी बदलावी लागेल असं सांगितलं जातं. कुणी परभणीतच दाखवतं, कुणी नांदेड गाठतं, कुणी छत्रपती संभाजीनगर, पुणे किंवा हैदराबाद. शस्त्रक्रिया होते, टाके निघतात, वॉकर घेऊन माणूस गावी परततो. बहुतेकांच्या बाबतीत नोंद तिथेच संपते. तो गुडघा वर्षाने कसा आहे, पाच वर्षांनी दुखतो का, ती बाई पुन्हा शेतात गेली का, हे विचारायला कुणी येत नाही. शस्त्रक्रियांचे आकडे रुग्णालयांच्या फलकांवर दिसतात. शस्त्रक्रियेनंतरच्या आयुष्याचा आकडा कुठेच दिसत नाही, आणि माझ्या मते रुग्णाच्या खऱ्या कामाचा आकडा तोच आहे.

सांधेबदलाचं शास्त्र मुळात पाठपुराव्यावर उभं राहिलं. इंग्लंडमधल्या राइटिंग्टन रुग्णालयात जॉन चार्नली यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस खुब्याच्या कृत्रिम सांध्यात टेफ्लॉनची वाटी बसवायला सुरुवात केली. सुरुवातीला रुग्ण खूश होते. चार्नली त्यांना पुन्हा पुन्हा बोलावून तपासत राहिले, म्हणून दोन-तीन वर्षांतच त्यांच्या लक्षात आलं की टेफ्लॉन झपाट्याने झिजतंय आणि त्याच्या भुकटीने आसपासच्या ऊती खराब होताहेत. ही भुकटी शरीरात काय करते हे पाहायला त्यांनी ती स्वतःच्या मांडीत टोचून घेतली. तिथे गाठी आल्या. बसवलेले सांधे काढून पुन्हा शस्त्रक्रिया करायची वेळ आली. नोव्हेंबर १९६२मध्ये त्यांनी पॉलिएथिलीनची वाटी वापरली आणि आजच्या खुबाबदलाचा पाया घातला गेला. मृत्यूनंतर सांधा काढून तपासू द्यावा, अशी विनंती ते रुग्णांना करत, आणि पुष्कळ रुग्ण ती मान्यही करत.

त्या पाठपुराव्याचं फळ आज दिसतं. २०१९मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या एका मोठ्या विश्लेषणात वेगवेगळ्या देशांच्या सांधेबदलाच्या नोंदवह्या एकत्र केल्या, तेव्हा पूर्ण बदललेल्या गुडघ्यांपैकी सुमारे ८२ टक्के गुडघे पंचवीस वर्षं टिकल्याचं आढळलं. साठीतल्या माणसाला याहून दिलासा देणारी बातमी कोणती? गुडघ्याच्या वेदनेने रात्र-रात्र जागणाऱ्या माणसासाठी ही शस्त्रक्रिया वरदान आहे, यात मला शंका नाही. मात्र 'टिकला' याचा इथे अर्थ एवढाच, की तो काढून दुसरा बसवावा लागला नाही. गुडघा जागेवर टिकून दुखतही राहू शकतो. वेगवेगळ्या अभ्यासांची बेरीज सांगते की गुडघाबदलानंतर पाचांपैकी साधारण एकाला दीर्घकाळ त्रासदायक दुखणं राहतं. खुब्याच्या बाबतीत हे प्रमाण बरंच कमी आहे.

हे दुखणं मोजायचं कसं? जगभर सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या मोजपट्ट्यांपैकी एक ऑक्सफर्डमध्ये १९९८ साली तयार झाली. बारा प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण ४८. त्यातला एक प्रश्न असा: टेबलाशी बसून जेवल्यावर खुर्चीतून उठताना किती दुखतं? दुसरा मोटारीत किंवा बसमध्ये चढण्या-उतरण्याचा, तिसरा एकट्याने बाजारहाट करण्याचा. गुडघे टेकून पुन्हा उठता येतं का, हेही विचारलं आहे. उकिडवं बसण्याबद्दल एकही प्रश्न नाही, मांडी घालण्याबद्दल नाही, डोक्यावर भारा घेऊन बांधावरून चालण्याबद्दल तर नाहीच. ज्यांच्यासाठी ती बनली त्यांच्या घरात टेबल होतं, म्हणून त्यांच्या दृष्टीने ती बरोबरच आहे. पालम तालुक्यातल्या शेतमजूर बाईला या मोजपट्टीवर ४८पैकी ४० गुण मिळतील आणि तरीही तिची मजुरी कायमची गेलेली असेल. कारण बदललेला गुडघा सहसा ११० ते १२० अंशांपर्यंत वाकतो, आणि डॉक्टरही सांगतात की उकिडवं बसू नका, कमोड बसवून घ्या. भारतीय हाडांचा आकार आणि आपली बैठक लक्षात घेऊन पुण्याच्या डॉ. कांतिलाल संचेती यांनी 'इंडस' नावाचा गुडघा विकसित केला, त्यामागे हीच अडचण होती. तरी खुरपणीची बैठक परत मिळेल, अशी हमी कोणत्याच कृत्रिम गुडघ्याची देता येत नाही. शस्त्रक्रियेआधी हे वाक्य रुग्णाला स्पष्ट ऐकू आलं पाहिजे. नव्या गुडघ्यासोबत घरात ओटा आणि कमोड लागणार असेल, तर तो खर्चही आधीच मांडायला हवा.

थांबण्याचा पर्यायही तितक्याच स्पष्टपणे समोर यायला हवा. डेन्मार्कमधल्या १०० रुग्णांचा एक अभ्यास २०१५मध्ये प्रसिद्ध झाला. गुडघा बदलण्याइतका खराब असलेल्या या रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. दोन्ही गटांना बारा आठवडे देखरेखीखाली व्यायाम, आहाराचा सल्ला, बुटातल्या गाद्या आणि वेदनाशामकं मिळाली. एका गटाचा गुडघा त्याआधी बदलला होता. वर्षाने पाहिलं तर शस्त्रक्रिया झालेल्यांची सुधारणा दुप्पट होती, पण गंभीर दुष्परिणामही त्याच गटात चौपट होते, २४ विरुद्ध ६. आणि शस्त्रक्रिया न झालेल्यांपैकी तीन चतुर्थांश लोकांना त्या वर्षात ती करून घ्यावीशी वाटली नाही. याचा अर्थ शस्त्रक्रिया टाळावी असा होत नाही. ज्याला थांबता येतं त्याला थांबवणारे उपचार आहेत, एवढा होतो. दुर्बिणीने गुडघा 'धुऊन' घेण्याची कथा मात्र वेगळी. २००२ साली ह्यूस्टनमध्ये १८० रुग्णांवर तिची परीक्षा झाली. काहींच्या गुडघ्यावर नुसत्या चिरा देऊन टाके घातले होते. खरं धुणं आणि खोटं धुणं यांचा परिणाम सारखाच निघाला.

आता गुंतागुंतीकडे. रक्ताची गुठळी, पडून कृत्रिम सांध्यालगतचं हाड मोडणं, व्यायाम न झाल्याने गुडघा आखडणं, हे सगळं घडतं. खेपा आणि खर्च वाचावा म्हणून दोन्ही गुडघे एकाच वेळी बदलून घेण्याकडे गावाकडचा कल असतो, त्यात हृदयावरचा ताण आणि गुठळीचा धोका वाढतो. पण ज्याची मला सर्वात धास्ती वाटते, तो आहे जंतुसंसर्ग. मोठ्या नोंदवह्यांत त्याचं प्रमाण शंभरात एक-दोन इतकंच दिसतं. ज्या एकाला तो होतो, त्याचं घर मात्र हादरतं.

धातूवर बसलेले जंतू पहिले काही दिवस सुटे असतात. मग ते स्वतःभोवती चिकट थर विणतात. या थराच्या आत प्रतिजैविकं पोचतात ती अपुरी, आणि शरीराच्या पांढऱ्या पेशी तर बाहेरच अडतात. म्हणून सुरुवातीच्या तीन-चार आठवड्यांत संसर्ग ओळखला तर गुडघा उघडून, धुऊन, मधलं प्लॅस्टिक बदलून सांधा वाचवण्याची संधी असते. थर एकदा पक्का झाला की अख्खा सांधा काढावा लागतो, प्रतिजैविक मिसळलेल्या सिमेंटचा तात्पुरता ठोकळा बसवतात, कित्येक आठवडे इंजेक्शनं चालतात आणि मग दुसरी मोठी शस्त्रक्रिया होते.

आणि नेमका त्या सुरुवातीच्या तीन-चार आठवड्यांत रुग्ण गावी असतो. पट्टी ओली दिसते, ताप येतो, घरचे जवळच्या डॉक्टरांकडे नेतात, ते प्रतिजैविकाच्या गोळ्या लिहून देतात. जखम वरून सुकते. आतले जंतू मरत नाहीत, फक्त झाकले जातात. पुढे सांध्यातलं पाणी तपासायला काढलं तरी त्यात काही वाढत नाही, त्यामुळे कोणता जंतू आणि कोणतं औषध हेच कळेनासं होतं. आठवडाभरानंतरही जखम पाझरत असेल, तर पहिला फोन शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना जायला हवा. सांध्याचं पाणी तपासायला गेल्याशिवाय प्रतिजैविक सुरू करू नये. परभणीतल्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात हे एक वाक्य लावलं, तरी काही गुडघे वाचतील. शस्त्रक्रियेआधी मधुमेह आटोक्यात आणणं, तंबाखू सोडणं आणि किडलेल्या दातांवर इलाज करणं, हेही संसर्गाचा धोका कमी करतं. मिश्री लावणाऱ्या बायकांना तंबाखूबद्दल विचारलं तर त्या नाही म्हणतात, म्हणून मिश्रीचं नाव घेऊनच विचारावं लागतं.

हे सगळं कुणीतरी मोजलं म्हणून कळलं. स्वीडनने गुडघ्यांची राष्ट्रीय नोंदवही १९७५ मध्ये सुरू केली, खुब्यांची १९७९ मध्ये. नोंदवही नसली की काय होतं, याचा पुरावा भारतातच आहे. जॉन्सन अँड जॉन्सनच्या डेप्यू कंपनीचा एएसआर नावाचा खुबा इथे २००४ ते २०१० या काळात सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांत बसवला गेला. धातूवर धातू घासणारा हा सांधा झिजून कोबाल्ट आणि क्रोमियमचे कण आसपासच्या ऊतींत आणि रक्तात सोडत होता. ऑस्ट्रेलियाच्या नोंदवहीत तो इतरांपेक्षा लवकर निकामी होतोय हे आधी दिसलं आणि २००९च्या अखेरीस तिथल्या बाजारातून तो गेला. ब्रिटनच्या नोंदवहीत पाच वर्षांत साधारण आठापैकी एक खुबा पुन्हा करावा लागल्याचं दिसलं. ऑगस्ट २०१०मध्ये जगभरातून तो परत मागवला. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने मुंबईत पोलिसांत तक्रार नोंदवली, पुढे केंद्राच्या समितीने २०१८मध्ये भरपाईची शिफारस केली. पण भरपाई द्यायची कुणाला? या रुग्णांसाठीच्या मदतवाहिनीवर नोंद झाली ती एक हजाराच्या आसपास जणांची. साडेतीन हजारांहून अधिक माणसांचा पत्ताच लागला नाही. त्यांच्या शरीरात तो धातू आहे हे त्यांतल्या कित्येकांना माहीतही नसेल.

दरम्यान, ऑगस्ट २०१७मध्ये गुडघ्याच्या सांध्यांच्या किमतींवर सरकारने मर्यादा घातली. दीड लाखाच्या पुढे असलेला नेहमीचा कोबाल्ट-क्रोमियमचा गुडघा ५४,७२० रुपयांवर आला. हा निर्णय मला मोठा वाटतो, कारण त्याने हा उपचार साध्या शेतकऱ्याच्या आवाक्याजवळ आणला. मात्र स्वस्त झालेला प्रत्येक गुडघा नोंदवलाच पाहिजे, असं बंधन आलं नाही. खुबा-गुडघ्याच्या शल्यविशारदांची संघटना नोंदवही चालवते, तीही ऐच्छिक.

खेड्यातल्या रुग्णाचा पाठपुरावा अशक्य आहे, असं सांगणाऱ्यांनी भिगवण पाहावं. पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६मध्ये पुणे जिल्ह्यातल्या या गावात घरोघर जाऊन चार हजारांहून अधिक प्रौढांची विचारपूस करवली. गावातलेच कार्यकर्ते प्रश्नावली घेऊन दारोदार फिरले, दुखणं असलेल्यांना डॉक्टरांनी तपासलं. सुमारे १८ टक्के लोकांना सांध्या-स्नायूंची दुखणी होती आणि गुडघा त्यात वरच्या क्रमांकावर होता. मोबाइल हातोहाती नसताना हे झालं. आज परभणीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, गावोगाव आशाताई आहेत, आणि जवळपास प्रत्येक घरात फोन आहे.

कागदाचा एक तुकडा मात्र हाताशी हवा. कृत्रिम गुडघ्याच्या प्रत्येक भागाच्या डब्यात स्टिकर येतात. मांडीच्या हाडावरची टोपी, नडगीच्या हाडावरची थाळी, मधलं प्लॅस्टिक, प्रत्येकाचं वेगळं. त्यावर कंपनीचं नाव, मापाचा आकडा, लॉट नंबर आणि बारकोड असतो. शस्त्रक्रियागृहातली सिस्टर ते सोलून केसपेपरवर चिकटवते. उद्या एखादा सांधा सदोष निघाला तर रुग्णापर्यंत पोचायचा रस्ता त्या लॉट नंबरातूनच जातो. डिस्चार्जच्या वेळी त्याची एक प्रत मागून घ्यावी आणि रेशनकार्डासोबत ठेवावी.

परभणी जिल्ह्याने एवढं तरी करावं. सांधा बदललेल्या प्रत्येकाचं नाव, गाव, फोन आणि लॉट नंबर एका वहीत यावा, मग शस्त्रक्रिया कोणत्याही शहरात झालेली असो. सहा आठवड्यांनी, वर्षाने, पाच वर्षांनी आणि दहा वर्षांनी आशाताईंनी किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी फोन करावा. प्रश्न चारच पुरतील: जखम कधी पाझरली का, रात्री दुखून जाग येते का, जमिनीवर बसून उठता येतं का, आणि शेतातलं कोणतं काम सुटलं?