बाहुल्या मोठ्यांशी बोलतात तेव्हा

इंदूर शहरातून सांवेर गावावरून उज्जैनकडे जाणाऱ्या मार्गास सांवेर रोड म्हणतात. शहराच्या उत्तर अंगास या मार्गालगत औषधे, प्लास्टिकच्या वस्तू, खाद्यपदार्थ इत्यादींचे लहानमोठे कारखाने पसरले आहेत. होळकरांच्या या नगरीत पिढ्यान् पिढ्या राहिलेली मराठी कुटुंबे पुष्कळ. एके काळी इंदुरातील कष्टकऱ्यांचे पोट कापडगिरण्यांवर चाले. त्यांपैकी हुकुमचंद मिल १९९१ साली बंद पडली, आणि गिरणीत राबलेल्या आजोबांचा नातू आता पदवीचा कागद हाती घेऊन सांवेर रोडच्या फाटकांपुढे उभा राहतो. हा नातू टेलिव्हिजनपुढे बसून अंक व अक्षरे शिकला. २००६ साली सुरू झालेल्या ‘गली गली सिम सिम’ या हिंदी कार्यक्रमातील चमकी नावाची, शाळेच्या गणवेशातील बाहुली त्याला आठवत असेल. अशाच एका तरुणावर दूर अमेरिकेत एक विनोदी संगीत नाटक रचले गेले. त्याविषयी चार शब्द लिहावेत असे आम्हांस वाटते.

चमकीचे घराणे मूळचे अमेरिकेचे. तेथे १० नोव्हेंबर १९६९ रोजी ‘सेसमी स्ट्रीट’ हा बालकांचा कार्यक्रम सुरू झाला. गरीब वस्तीतील मुलांची शाळेपूर्वीची तयारी घरबसल्या व्हावी, हा त्यामागील हेतू. जिम हेन्सन यांच्या बाहुल्या आणि खरी माणसे एकाच रस्त्यावर शेजारी म्हणून राहतात, गातात, मोजतात. तेथे प्रत्येक शेजारी प्रेमळ असतो. कोणी चुकले तर कोणीतरी जवळ बसून समजावून सांगते. मुलांसाठी यापरते चांगले काय असावे? परंतु तीच मुले मोठी झाली म्हणजे त्यांचा रस्ता कसा असतो?

हा प्रश्न रॉबर्ट लोपेझ व जेफ मार्क्स या दोघा गीतकारांना पडला, आणि त्यातून ‘अॅव्हेन्यू क्यू’ हे नाटक जन्मास आले. संहिता जेफ व्हिटी यांची. जुलै २००३ मध्ये ते न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर आले आणि २००४ साली उत्कृष्ट संगीत नाटकाचा टोनी पुरस्कार त्यास मिळाला. नायक प्रिन्स्टन ही एक बाहुलीच. इंग्रजी वाङ्मयाची पदवी घेऊन तो शहरात येतो. पहिल्या आळीपासून घरे पाहात निघतो. भाडे कोठेच परवडत नाही. अखेर शहराच्या टोकाकडील, नकाशात नसलेल्या एका आळीत त्याला खोली मिळते. नोकरी मात्र पोहोचण्यापूर्वीच गेलेली असते! सांवेर रोडवर कामासाठी येऊन खोली शोधणाऱ्या मुलास हा प्रवेश समजावून सांगावा लागणार नाही.

विडंबनाची खुबी अशी, की रीत सारी बालकांच्या कार्यक्रमाची आहे. रंगमंचावरील पडद्यांवर अक्षरे नाचतात, शब्दांचे अर्थ शिकविले जातात; पण शिकविलेला शब्द असतो ‘आयुष्याचे प्रयोजन’. दोन गोजिरवाणी अस्वले येतात आणि अतिशय गोड आवाजात प्रिन्स्टनला सल्ला देतात, की आईबापांनी पाठविलेले पैसे बियरवर उडव. आमच्या मते साऱ्या नाटकातील खरी बोचणारी कल्पना हीच. वाईट सल्ला देणारा मनुष्य दुष्ट चेहऱ्याचा असतो, असे आपण मुलांना नकळत शिकवितो. गोड बोलणाऱ्यापासून सावध राहण्याचे मात्र सांगावयाचे विसरतो.

बाहुली म्हणजे पोरखेळ, हा समज आपल्याकडेही अलीकडचाच म्हणावा लागेल. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर कलावंत कळसूत्री बाहुल्यांनी रामायणातील कथा सांगत आले, त्या काही केवळ मुलांसाठी नव्हेत. तेथील परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. शब्दभ्रमकार यशवंत पाध्ये यांचा अर्धवटराव तर थोरामोठ्यांची टर उडवूनच नावारूपास आला, आणि त्यांचे पुत्र रामदास पाध्ये यांनी त्यास पुढे बोलता ठेवले. माणसाच्या तोंडी जे उद्धट वाटेल, ते लाकडी तोंडातून आले की लोक हसून ऐकून घेतात. ‘अॅव्हेन्यू क्यू’मध्ये तर बाहुल्या हालविणारे नट लपतही नाहीत, बाहुली हाती धरून प्रेक्षकांसमोर उघड उभे राहतात.

तथापि एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. या नाटकातील काही गाणी व प्रसंग उघडउघड अश्लील आहेत, आणि त्यांवाचून नाटकाचे काही अडले असते असे आम्हांस वाटत नाही. जाहिरातीवर बाहुल्यांची चित्रे पाहून कोणी मुलांना घेऊन येऊ नये, म्हणून हा खेळ मुलांसाठी नाही अशी सूचना चालकांना द्यावी लागली. सेसमी स्ट्रीटच्या संस्थेशी आपला संबंध नाही, हेही त्यांनी छापले. पुढे शाळांतून करण्याजोगी एक आवृत्ती निघाली. तीत आक्षेपार्ह गाणी गाळली आहेत. प्रिन्स्टनची पदवी आणि रिकामा खिसा तेवढा तसाच ठेवला आहे, आणि तेच योग्य झाले.

ब्रॉडवेवरील प्रयोग २००९ साली थांबले. पण त्याच वर्षी नाटक न्यूयॉर्कच्याच एका लहान रंगमंदिरात गेले व २०१९ पर्यंत तेथे चालले. इतकी वर्षे लोक काय पाहावयास येत असतील? नायकास मोठी नोकरी मिळत नाही, आयुष्याचे प्रयोजनही सापडत नाही. शेजारची केट, बालवर्गावरील साहाय्यक शिक्षिका, मात्र आपली शाळा काढते. तिला पैसा देतो तो आळीतला चारचौघांत न मिसळणारा एक केसाळ राक्षस. त्याच्यापाशी इतके धन असेल असे कोणाच्या स्वप्नीही नव्हते. सुख काय अन् दुःख काय, सारे तूर्तापुरतेच आहे, असे आळीतील मंडळी म्हणतात. इतक्यात दारात एक नवा तरुण येतो. नुकताच पदवीधर झालेला. खोली भाड्याने मिळेल काय, असे विचारतो.