डोंगरी सायकल (लेखांक ७) : एका गिअरची जुळणी

कॅलिफोर्नियातील मरिन परगण्यात, फेअरफॅक्स गावाजवळच्या 'रीपॅक' नावाच्या कच्च्या उतारावर १९७६ साली ज्या तरुणांनी सायकलींच्या शर्यती सुरू केल्या, त्यांच्याजवळ पेडल उलटे दाबून ब्रेक लागणाऱ्या, जाड टायरांच्या, जुन्या आणि अवजड सायकली होत्या, व त्यांतील कित्येकींना एकच गिअर होता. उतरण्याइतक्याच सुलभतेने चढताही यावे या इच्छेपोटी डोंगरी सायकलीला पुढे गिअर लाभले. तेव्हा आज जो गृहस्थ घरच्या घरी ते उतरवू पाहतो, त्याने आपण चढावरची एक मोठी सोय सोडत आहोत हे प्रथम मान्य करावे, आणि मगच पान्याला हात घालावा.

या कामाचे मर्म साखळीच्या ताणात आहे. आपल्या नेहमीच्या काळ्या सायकलीत मागील एक्सल ज्या खाचेत बसतो ती आडवी असल्यामुळे, साखळी सैल पडली की नट ढिले करून चाक मागे ओढावे आणि पुन्हा आवळावे, एवढ्यावर भागते. गिअरच्या डोंगरी सायकलीत मात्र ही खाच बहुधा उभी असते, कारण सैलपणा शोषून घेण्याचे काम डिरेलरच्या, म्हणजे साखळी एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकविणाऱ्या यंत्रणेच्या, स्प्रिंगकडे सोपविलेले असते. डिरेलर काढताच तो बंदोबस्त नाहीसा होतो, आणि चाक तर तसूभरही मागे सरत नाही.

अशा वेळी इलाज उरतो तो दात्यांच्या हिशेबाचा, आणि हा हिशेब मोठा सुंदर आहे. साखळीच्या दोन खिळ्यांतील अंतर अर्धा इंच असते, व ती पुढील आणि मागील अशा दोन्ही दातेरी चकत्यांना स्थूलमानाने अर्धा-अर्धा वेढा घालते. म्हणून कोणत्याही चकतीचा एक दाता वाढविला असता वेढ्यात पाव इंच साखळी अधिक खर्ची पडते, आणि हा पाव इंच वरच्या व खालच्या पदरांत विभागला गेल्यामुळे एक्सलच्या दृष्टीने फरक पडतो तो अवघा एक अष्टमांश इंच, म्हणजे सुमारे ३ मिलिमीटर. यातून असे निष्पन्न होते की साखळीची लांबी दात्यांच्या बेरजेवर ठरते आणि पायांवरचा भार त्यांच्या भागाकारावर : पुढे ३२ व मागे १८, किंवा पुढे ३४ व मागे १६, या दोन्ही जोड्यांना जवळजवळ तेवढीच साखळी लागते, परंतु पहिलीत पेडलाच्या एका फेऱ्यास चाक पावणेदोन वेळांहून किंचित अधिक फिरते, तर दुसरीत सव्वादोनाच्या थोडे अलीकडे. २६ इंची चाकाला दुप्पट, म्हणजे ३२ आणि १६, हे प्रमाण रूढ आहे. चाक २९ इंची असेल किंवा वाट सह्याद्रीच्या घाटासारखी उभी असेल, तर मागे १८ ते २० दाते ठेवणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

उभ्या खाचेतही साखळी आपोआप ताठ बसेल अशी जोडी क्वचित सापडते, आणि सापडल्याचा आनंदही मोठा असतो. पण साखळी झिजली म्हणजे लांबते. अर्ध्या टक्क्याची झीज म्हटली तरी ९२ कड्यांच्या साखळीत जवळजवळ ६ मिलिमीटरची वाढ होते, आणि ती सामावून घ्यावयास जागा नसते. यास्तव नवख्याने साखळी ताणून धरणारा स्वतंत्र टेन्शनर बसवावा, किंवा काढलेला जुना डिरेलरच त्याच्या स्क्रूने एका जागी रोखून तात्पुरता वापरावा. पुढील व मागील चकत्या एका रेषेत आल्या पाहिजेत. मागील चकती चाकाच्या मध्यावरील फ्रीहबवर दोन्ही बाजूंच्या स्पेसरांनी आतबाहेर सरकवून ही रेषा साधता येते. याबाबतीत हयगय होता कामा नये, कारण सैल अथवा तिरकी साखळी निसटते ती नेमकी उभ्या चढावर, देहाचा सारा भार एका पेडलावर असताना.

आणि एका गिअरचा स्वार चढ चढतो तो बहुधा उभा राहूनच. म्हणून सीटवर बसून घेतलेली हँडलाची मापे येथे पुरी पडत नाहीत. उभे राहून पेडल दाबताना तो हँडल स्वतःकडे खेचतो, तेव्हा रुंद हँडलाने हातांना तरफेचे बळ मिळते. परंतु हँडलाला धरणारा स्टेम फार लांब असेल तर छाती पुढे झुकते, मागील चाकावरचा भार हलका होतो, आणि सुट्या मुरमावर ते जागीच फिरते. कंबर थोडी मागे ठेवूनही कोपर सैल राहतील, इतपतच स्टेमची लांबी असावी.

ब्रेकचा विचार पुढील लेखांकी.