कुलपामागची भीती

अलिबागहून रेवदंड्याच्या रस्त्याला लागले की कुरूळ, आक्षी, नागाव, चौल अशी गावे एकामागून एक येतात. दोन्ही अंगांना नारळी-पोफळीच्या वाड्या, वाडीच्या आत कौलारू घर आणि घराला कुलूप. गणपतीत पाच-सात दिवस आणि मे महिन्यात आंब्याच्या दिवसांत ते निघते. एरवी मालक डोंबिवलीत, बोरिवलीत नाहीतर सातासमुद्रापार. त्याच गावांत बदलून आलेली शिक्षिका, थळच्या खत कारखान्यातला कंत्राटी कामगार, तालुक्याच्या दवाखान्यातली परिचारिका दोन खोल्यांसाठी दारोदार फिरत असतात. घर आहे, राहणारा आहे, पण दोघांची गाठ पडत नाही. मध्ये एक वाक्य आडवे येते : ‘एकदा आत शिरला की निघायचा नाही हो!’

हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आलो. बँकेच्या नोकरीत शाखांसाठी जागा भाड्याने घेण्याचे काम बरीच वर्षे माझ्याकडे होते. म्हणजे टेबलाच्या अलीकडे मी भाडेकरू आणि पलीकडे घरमालक. त्यामुळे ही भीती मला अगदी समोरून पाहायला मिळाली. ती खुळी नाही. तिला इतिहास आहे.

याच अलिबाग तालुक्यात चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ साली नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली खोतांविरुद्ध संप पुकारला आणि सहा वर्षे जमिनी कसल्या नाहीत. न्याय कसणाऱ्याच्या बाजूला होता. पुढे कूळ कायदा आला, १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरला आणि कसेल त्याची जमीन झाली. ज्यांच्या जमिनी गेल्या, त्या घरांतून पुढच्या पिढीला एकच धडा मिळाला : कागदावर दुसऱ्याचे नाव येऊ देऊ नका. शेतजमिनीचा कायदा वेगळा आणि घराचा वेगळा. पण धडा मात्र लोकांनी जसाच्या तसा घराला लावला. तिथेच घोटाळा झाला.

घरांच्या बाबतीतही मालकांचे हात पोळले होतेच. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुनी भाडी १९४० सालच्या पातळीवर गोठवली. त्यातून वाट काढायला मालक ‘लिव्ह अँड लायसन्स’ करू लागले. तर १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू लायसन्सवर राहत असलेल्यांना कायद्याने भाडेकरू मानले. एका तारखेने पाहुणा घरचा झाला! पुढे १९ डिसेंबर १९९७ रोजी मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेली भाडी गैरवाजवी ठरवली आणि ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ अमलात आला. जुन्या भाड्यात वर्षाला ४ टक्के वाढ मिळू लागली. गंमत म्हणजे या कायद्याने बँका आणि मोठ्या कंपन्या यांच्यावरचे भाडेकरूपणाचे छत्र काढून घेतले. टेबलाच्या अलीकडे आम्ही जरा तोऱ्यात बसत असू. तो तोरा एका दिवसात उतरला.

कायदा बदलतो तो असा. कधी मालकाकडे झुकतो, कधी भाडेकरूकडे. पुढचा बदल कोणत्या बाजूचा असेल हे सांगायला ज्योतिषी लागेल. तयारी मात्र आपल्या हातात आहे आणि ती बहुतेक कागदाचीच आहे.

गावोगाव एक समज पक्का आहे : अकरा महिन्यांचा करार केला की नोंदणी लागत नाही. नोंदणीचा १९०८ चा सर्वसाधारण कायदा एवढाच वाचला तर तसे वाटते. पण १९९९ च्या कायद्याचे कलम ५५ म्हणते की भाड्याचा किंवा लायसन्सचा करार कितीही मुदतीचा असो, तो लेखी आणि नोंदणीकृत हवा आणि ही जबाबदारी मालकाची. चुकल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, असा करार नसेल तर अटींबाबत भाडेकरू सांगेल ते खरे धरले जाते. खोटे ठरवायचे तर पुरावा मालकाने द्यायचा. म्हणजे ‘कागद नको’ म्हणणारा मालकच उघडा पडतो.

उलट राहण्यासाठी दिलेल्या घराचा करार लेखी असेल आणि मुदत संपूनही माणूस जागा सोडत नसेल, तर कलम २४ प्रमाणे सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि तेवढ्या काळाची भरपाई दुप्पट दराने मागता येते. वीज-पाणी तोडायचे काम नाही. त्याला कायद्याने मनाईच आहे. हा कायदा अनुसूचीत दिलेल्या क्षेत्रांना लागू आहे. आपले गाव त्यात येते का, हे तालुक्याच्या वकिलाला आधी विचारावे. येत नसले तरी नोंदणीकृत करार करून कुणाचे नुकसान झालेले मी पाहिले नाही.

खर्च किती? सहा हजार भाडे, अकरा महिने, वीस हजार अनामत धरा. एकूण भाडे आणि अनामतीवरचे दहा टक्क्यांनी धरलेले व्याज यांची बेरीज अडुसष्ट हजारांच्या आत येते. त्यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे दोनशेच्या आसपास. वर नोंदणी फी. दिवाळीच्या फराळालाही याहून जास्त लागतात!

केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी ‘आदर्श भाडेकरू कायद्या’चा नमुना मंजूर केला. राज्याने आपला कायदा केल्याशिवाय तो लागू होत नाही. पण वारा कुठून वाहतो ते त्यातून कळते : लेखी करार, भाडे प्राधिकरणाला त्याची माहिती, घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त नाही, मालकाने आत यायचे तर चोवीस तास आधी सूचना आणि मुदतीनंतर अडून बसला तर पहिले दोन महिने दुप्पट, मग चौपट भाडे. तोंडी व्यवहाराला त्यात जागाच नाही.

आमची बँक जागा घेण्याआधी मालकाकडे जे मागायची, तेच मालकाने स्वतःकडे मागावे. घर कुणाच्या नावावर आहे? पुष्कळ ठिकाणी ते आजोबांच्याच नावावर असते, मग करारावर सही कोणत्या नातवाने करायची? वारसनोंद आणि भावंडांची लेखी संमती आधी हवी. ग्रामपंचायतीचा नमुना आठ काढून भोगवटादाराच्या रकान्यात कुणाचे नाव आहे ते पाहावे. देखरेखीला माणूस ठेवला असेल तर त्याच्याशीही लेखी करार करावा आणि पगार बँकेतून द्यावा. भाड्याची पावती दर महिन्याला द्यावी. दुरुस्ती कुणाची हेही लिहावे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात या किनाऱ्यावरची छपरे उडाली, तेव्हा कौलांचा खर्च कुणाचा यावरून चांगले संबंध तुटले. छप्पर, भिंती, वासे मालकाचे. नळ, दिवे वापरणाऱ्याचे, असे एक वाक्य पुरले असते.

जून ते सप्टेंबर बंद राहिलेल्या घराचे काय होते ते कोकणात सांगायला नको. भिंतीला ओल चढते, वाशाला वाळवी लागते, एक कौल सरकते आणि चार महिने कुणाला पत्ता नसतो. चूल पेटती असली की घर टिकते. येत्या गणपतीत सगळे भाऊ जमतील, तेव्हा आरतीनंतर अर्धा तास काढून नमुना आठचा उतारा मध्ये ठेवावा. घरात जो काही वाद असेल तो त्या कागदावरच निघेल आणि तो भाडेकरू येण्याआधी निघालेला बरा.