भरतीआधी टॅटू काढायचाय? लेझरला किती वेळ लागतो आणि धोका किती, समजून घ्या

नाशिक : कॉलेजच्या पहिल्या वर्षी दंडावर हौसेने काढलेला टॅटू दोन वर्षांनी भरतीच्या मैदानावर आडवा येऊ शकतो. नाशिकरोडचे तोफखाना केंद्र आणि देवळालीची छावणी यांमुळे नाशिकच्या मुलांना लष्कराचे आकर्षण जुने आहे. पण जाहिरात आल्यावर लेझरसाठी धावपळ करणाऱ्यांचे गणित बहुधा चुकते. कारण लेझरने टॅटू एका दिवसात जात नाही.

भरतीचा नियम काय सांगतो?

लष्कराच्या नियमानुसार कायमस्वरूपी टॅटू हाताच्या आतल्या बाजूला कोपरापासून मनगटापर्यंत आणि तळहाताच्या मागच्या बाजूला चालतो. मान, छाती, दंड किंवा पाठीवर चालत नाही. आदिवासी समाजातील उमेदवारांना रूढी-परंपरेनुसार असलेल्या गोंदणाबाबत सवलत आहे. सुरगाणा, पेठ, कळवण भागातील अशा मुलांनी घाईने गोंदण पुसायला जाऊ नये. केंद्रीय सशस्त्र पोलिस दलांचे नियम थोडे वेगळे आहेत. त्यामुळे आधी आपल्या भरतीची जाहिरात नीट वाचा. टॅटू नियमात बसत असेल, तर खर्च आणि वेदना दोन्ही वाचतील.

लेझर नेमके काय करतो?

टॅटूची शाई त्वचेच्या दुसऱ्या थरात असते. तिचे कण मोठे असल्याने शरीर त्यांना बाहेर काढू शकत नाही. लेझरचा झोत सेकंदाच्या अब्जावधीव्या भागात शाईवर आदळतो आणि कणांचे बारीक तुकडे होतात. मग शरीरातील पेशी ते तुकडे हळूहळू वाहून नेतात. म्हणजे शाई फोडण्याचे काम यंत्राचे आणि ती साफ करण्याचे काम शरीराचे. शरीराला त्यासाठी वेळ लागतो, म्हणूनच दोन सिटिंगमध्ये साधारण सहा ते आठ आठवडे सोडावे लागतात.

किती सिटिंग लागतात?

व्यावसायिक टॅटूसाठी साधारण सहा ते दहा, कधी त्याहूनही जास्त. समजा आठ सिटिंग आणि प्रत्येकीत आठ आठवड्यांचे अंतर धरले, तर पहिल्यापासून शेवटच्या सिटिंगपर्यंत ५६ आठवडे होतात. म्हणजे वर्षाहून अधिक. वयोमर्यादेच्या काठावर असलेल्यांनी हे गणित आजच मांडावे.

काळी शाई सर्वांत चांगली जाते. हिरवी, निळी अवघड आणि पिवळी त्याहून अवघड. जत्रेत काजळीच्या शाईने केलेले जुने गोंदण काळे आणि कमी शाईचे असेल, तर तुलनेने लवकर फिकट होते. हातापायाच्या टोकांवरचा टॅटू मान-छातीवरच्यापेक्षा हळू जातो. धूम्रपानानेही परिणाम मंदावतो.

सुरक्षित आहे का?

प्रशिक्षित हातात आणि योग्य यंत्राने, बऱ्यापैकी सुरक्षित. मात्र सावळ्या त्वचेसाठी खबरदारी जास्त लागते. त्वचेतील मेलॅनिनही लेझर शोषून घेते. काळ्या शाईसाठी सावळ्या त्वचेवर १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचा लेझर तुलनेने सुरक्षित मानला जातो. चुकीचे यंत्र किंवा जास्त तीव्रता वापरल्यास पांढरे अथवा काळे डाग, भाजणे आणि कायमचा व्रण राहू शकतो. टॅटू गेला आणि वाढलेला व्रण राहिला, तर वैद्यकीय तपासणीत नवा प्रश्न उभा राहतो.

पांढऱ्या किंवा त्वचेच्या रंगाच्या शाईवर लेझर मारल्यास ती उलट काळी पडू शकते. म्हणून आधी छोट्या जागेवर चाचणी करून घ्यावी. टॅटूच्या जागी तीळ असेल, तर तो आधी डॉक्टरांना दाखवावा. जखमेचे व्रण वाढण्याची प्रवृत्ती, सुरू असलेली औषधे, गर्भधारणा हे सारे आधीच सांगावे.

सिटिंगच्या दिवशी आणि नंतर

रबरबँडचा चटका बसावा तसे दुखते. सुन्न करणारे मलम लावता येते. लेझर पडताच त्वचा पांढरी होते आणि काही मिनिटांत पूर्ववत होते. पुढचे काही दिवस लाली, सूज, कधी फोड आणि खपली येते. फोड फोडू नये, खपली खरवडू नये. जखम भरेपर्यंत जलतरण तलावात किंवा गोदावरीत उतरू नये. रोज मैदानावर धावणाऱ्यांनी ती जागा कपड्याने झाकावी आणि जखम भरल्यावर सनस्क्रीन लावावे. उन्हाने रापलेल्या त्वचेवर पुढची सिटिंग करू नये. पू, ताप किंवा वाढती वेदना जाणवली, तर थेट डॉक्टरांकडे जावे.

पैसे भरण्यापूर्वी हे विचारा

- लेझर कोण मारणार? त्वचारोगतज्ज्ञाची पदवी आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी आहे का?
- कोणते यंत्र, कोणती तरंगलांबी? केस काढण्याचे यंत्र टॅटूसाठी वापरू नये.
- डोळ्यांना संरक्षक चष्मा देणार का?
- सर्व सिटिंगचा मिळून अंदाजे खर्च किती?

'एका सिटिंगमध्ये साफ' असे सांगणाऱ्यांपासून आणि टॅटू पुसणाऱ्या मलमांपासून दूर राहा. मीठ घासणे किंवा ॲसिड लावणे म्हणजे टॅटूच्या जागी व्रण विकत घेणे. पूर्ण वेळ देऊनही काही टॅटूंची फिकट सावली उरते, याची तयारीही ठेवा. भरती पुढच्या वर्षी असेल, तर डॉक्टरांची पहिली भेट या महिन्यातच घ्या.