विश्लेषण : गाडीचा ‘ईसीएम’ खरेच गेला आहे का? बदलण्याआधी काय तपासावे?

गाडी चालता चालता बंद पडते, गॅरेजमध्ये स्कॅनर लावला जातो आणि थोड्या वेळाने निरोप येतो, ‘ईसीएम गेलाय, बदलावा लागेल’. मॉडेलनुसार हा खर्च काही हजारांपासून थेट लाखाच्या घरात जाऊ शकतो. अनेकदा मात्र दोष ईसीएममध्ये नसतो, तर त्याला वीज पुरवणाऱ्या किंवा त्याच्याशी जोडलेल्या एखाद्या वायरीत असतो. अशा वेळी नवा ईसीएम बसवूनही गाडी जागची हलत नाही.

ईसीएम नेमके काय करतो?

इंजिन कंट्रोल मोड्यूल म्हणजे इंजिनाचा संगणक. काही कंपन्या त्याला ईसीयू म्हणतात. इंजिनाचे फेरे, आत येणारी हवा, पाण्याचे तापमान, धुरातील ऑक्सिजन आणि ॲक्सिलरेटर किती दाबला आहे, ही माहिती सेन्सर त्याच्याकडे पाठवतात. त्यावरून कोणत्या क्षणी किती इंधन सोडायचे आणि ठिणगी कधी पाडायची, हे तो ठरवतो. भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ निकष लागू झाले. त्यानंतर धूर स्वच्छ ठेवण्याच्या यंत्रणेवर लक्ष ठेवण्याचे त्याचे काम आणखी वाढले.

तो बिघडल्याची लक्षणे कोणती?

गाडी सुरू न होणे, अचानक बंद पडणे, पिकअप जाणे, ‘चेक इंजिन’चा दिवा न विझणे ही नेहमीची लक्षणे. मात्र यातले प्रत्येक लक्षण साध्या बिघाडातही दिसते. कमकुवत बॅटरी, बंद पडलेला इंधन पंप किंवा क्रँक सेन्सर यांमुळेही गाडी तशीच वागते.

वाहनमालकाला एक चाचणी घरीच करता येते. चावी ‘ऑन’ करा, पण इंजिन सुरू करू नका. ‘चेक इंजिन’चा दिवा लागायला हवा आणि इंजिन सुरू झाल्यावर तो विझायला हवा. दिवा लागलाच नाही, तर ईसीएमपर्यंत वीज पोहोचत नसण्याची किंवा तो बंद पडल्याची शक्यता असते. काही नव्या गाड्यांत हा दिवा मीटर स्वतःच लावतो, त्यामुळे केवळ यावरून निष्कर्ष काढू नये.

स्कॅनरने कोड दाखवला तरी शंका का घ्यावी?

‘पी०६०६’ हा कोड ईसीएमच्या प्रोसेसरमधील दोष सुचवतो, तर ‘पी०६०१’ त्याच्या मेमरीतील. ‘यू०१००’ म्हणजे गाडीतील इतर यंत्रणांचा ईसीएमशी संपर्क तुटला आहे. संपर्क तुटण्याचे कारण ईसीएमच असेल असे नाही. फ्यूज उडाला, रिले अडकला किंवा उंदराने वायर कुरतडली तरी हाच कोड येतो. बॅटरी उतरलेली असताना नोंदवलेले कोडही फसवे असू शकतात.

आणखी एक चकवा नेहमी आढळतो. ईसीएम अनेक सेन्सरना एकाच ठिकाणाहून ५ व्होल्टचा पुरवठा करतो. त्यातला एक सेन्सर शॉर्ट झाला की सर्वांचा पुरवठा कोसळतो आणि स्कॅनरवर चार-पाच कोड एकदम झळकतात. ‘इतक्या गोष्टी एकदम बिघडल्या, म्हणजे ईसीएमच गेला,’ असा समज होतो. प्रत्यक्षात एकेक सेन्सरचा प्लग काढून पाहिला तर दोषी सेन्सर सापडतो.

बदलण्याआधी कोणत्या चाचण्या हव्यात?

पहिली बॅटरीची. उभ्या गाडीत चार्ज असलेल्या बॅटरीवर साधारण १२.६ व्होल्ट आणि इंजिन चालू असताना १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. दुसरी फ्यूज आणि मुख्य रिलेची. तिसरी, आणि हमखास राहून जाणारी, अर्थिंगची. स्टार्टर फिरत असताना ईसीएमची अर्थ पिन आणि बॅटरीचे ऋण टोक यांच्यात साधारण ०.२ व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला, तर अर्थिंग संशयास्पद समजावे. चौथी कनेक्टरची. तो उघडून पिनांवर हिरवट गंज, ओल किंवा वाकलेली पिन आहे का, ते डोळ्यांनी पाहावे.

आपल्याकडे आणखी एक जागा तपासावी लागते, ती म्हणजे बाहेरून केलेली जोडणी. जादा हॉर्न, दिवे किंवा म्युझिक सिस्टीमसाठी मूळ वायरिंग कापलेले असते. नंतर बसवलेल्या सीएनजी किटला स्वतःचा वेगळा ईसीयू असतो आणि त्याच्या वायरी पेट्रोल इंजेक्टरच्या वायरींना जोडलेल्या असतात. तिथला एक सैल जोडही इंजिन बंद पाडू शकतो.

ईसीएम खरोखर का जळतो?

पाणी, चुकीचा वीजपुरवठा आणि शॉर्ट ही मुख्य कारणे. मुंबई-ठाण्यात साचलेल्या पाण्यात गाडी अडकली की ओल कनेक्टरमध्ये शिरते आणि गंज काही आठवड्यांनीही त्रास देतो. जम्प स्टार्ट करताना धन-ऋण टोकांची अदलाबदल झाली किंवा बॅटरी न काढता बॉडीवर वेल्डिंग केले, तरी आतील भाग जळू शकतात.

इग्निशन कॉइल किंवा इंजेक्टर शॉर्ट झाला तर त्याला चालवणारा ईसीएममधील भाग जळतो. ती कॉइल न बदलता नवा ईसीएम बसवला, तर तोही त्याच मार्गाने जातो. म्हणून ‘ईसीएम गेला’ या उत्तरानंतर ‘कशामुळे गेला?’ हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

नवा आणून जोडला की काम झाले?

नाही. नव्या ईसीएममध्ये गाडीचा चासी क्रमांक आणि त्याच मॉडेलचे सॉफ्टवेअर भरावे लागते. चावीतील चिप ओळखणाऱ्या इमोबिलायझरशी त्याची जुळणी करावी लागते. ती झाली नाही, तर इंजिन सुरू होत नाही किंवा सुरू होऊन लगेच बंद पडते. अनेक डिझेल गाड्यांत प्रत्येक इंजेक्टरचा कोड नव्याने नोंदवावा लागतो. काजळी पकडणारा फिल्टर असल्यास तो किती भरला आहे, ही जुनी नोंदही नव्या ईसीएममध्ये न्यावी लागते.

जुन्या बाजारातील ईसीएम स्वस्त पडतो, पण त्यात दुसऱ्या गाडीची ओळख असते. लेबलवरील भाग क्रमांक तंतोतंत जुळला तरी प्रोग्रॅमिंग टळत नाही. तिसरा पर्याय दुरुस्तीचा. बोर्डवरील जळालेला भाग बदलता आला, तर मूळ माहिती शाबूत राहते आणि बहुधा जुळणीची गरज पडत नाही. प्रोसेसर गेला असेल किंवा गंज बोर्डभर पसरला असेल, तर मात्र दुरुस्तीचा भरवसा धरता येत नाही. गाडी वॉरंटीत असल्यास ईसीएम बाहेर उघडू देऊ नये.

विम्याचे काय?

केवळ थर्ड पार्टी विम्यात स्वतःच्या गाडीचे नुकसान भरून मिळत नाही. सर्वसमावेशक विम्यात पुराचे नुकसान येते, पण पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा पुन्हा सुरू करण्याच्या प्रयत्नात झालेले इंजिनाचे नुकसान नाकारले जाऊ शकते. त्यासाठी ‘इंजिन प्रोटेक्ट’ हे जादा संरक्षण असते. पाण्यात बंद पडलेल्या गाडीला स्टार्टर मारू नये. फोटो काढावेत, विमा कंपनीला कळवावे आणि गाडी टो करूनच न्यावी.

गॅरेजमध्ये काय मागावे?

कामाला होकार देण्याआधी चार गोष्टी लेखी घ्याव्यात : स्कॅनरवरील कोड, वीज व अर्थिंगच्या चाचणीचे आकडे, ईसीएम जळण्याचे कारण आणि प्रोग्रॅमिंगसह एकूण खर्च. बदललेला जुना ईसीएम परत मागावा. बिलावर नव्याचा भाग क्रमांक आणि वॉरंटी नोंदवून घ्यावी. विजेच्या सुट्या भागांचे पाकीट फोडले की ते सहसा परत घेतले जात नाहीत, त्यामुळे प्रश्न आधी विचारलेले बरे. फसवणूक झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते आणि तेव्हा हीच कागदपत्रे उपयोगी पडतात.