सरळ रस्ता म्हणजे ड्रॅग ट्रॅक नव्हे

"हालोल रोड सरळ आहे, रात्री रिकामा असतो. दोन तास बंदोबस्त द्या, ड्रॅग रेस होऊन जाईल." बडोद्यात गाड्यांचा विषय निघाला की हे वाक्य कुणीतरी बोलतोच. मार्च 2025 मध्ये होळीच्या रात्री कारेलीबागेत भरधाव मोटारीने लोकांना उडवले, एका महिलेचा जीव गेला. त्यानंतर हे मत जास्तच ऐकू येऊ लागले: पोरांना एक सरळ पट्टा देऊन टाका, शहरातले रस्ते सुरक्षित होतील. कारेलीबागेत रेस नव्हती, बेदरकार गाडी चालवणे होते, आणि त्यावर ट्रॅक हे औषध नाही. तरी मागणी चांगल्या मनाने होते, म्हणून ती उडवून लावावीशी वाटत नाही. पण ती इतक्या वेळा आणि इतक्या अपुऱ्या माहितीवर केली जाते की एकदा तिचे सविस्तर उत्तर द्यायलाच हवे.

गैरसमज असा: ड्रॅग रेस म्हणजे दोन गाड्या, सरळ रस्ता आणि हिरवा दिवा. वस्तुस्थिती अशी की यातली सर्वांत अवघड गोष्ट रस्ताच आहे, आणि तो तयार करणारी माणसे प्रेक्षकांना सहसा दिसतच नाहीत.

आधी साध्या रस्त्याचे बघू. पावसाचे पाणी कडेला वाहून जावे म्हणून रस्त्याला आडवा उतार ठेवतात, साधारण दोन ते अडीच टक्के. रोजच्या प्रवासात तो जाणवतही नाही. पण जागेवरून पूर्ण ताकदीने सुटणाऱ्या गाडीची चाके घसरू लागली की ती त्या उताराच्या बाजूला सरकते, आणि शेजारच्या लेनमध्ये दुसरी गाडी असते. शिवाय लेनचे गुळगुळीत पांढरे पट्टे, कॅट आय, डंपरमधून पडलेली खडी, सांडलेले डिझेल, आणि हजारो चाकांनी घासून चकचकीत केलेले डांबर. ज्या ठिकाणी आपण ब्रेक लावताना एरवी सावध असतो, त्याच ठिकाणी या मंडळींना दोन गाड्या शेजारी-शेजारी पूर्ण थ्रॉटलवर सोडायच्या आहेत.

आता थांबण्याचे गणित. ड्रॅग रेसचे पारंपरिक अंतर पाव मैल, म्हणजे 402 मीटर. हे अंतर 12 सेकंदांत कापणारी गाडी शेवटच्या रेषेवर ताशी 180 किलोमीटरच्या आसपास असते. म्हणजे सेकंदाला 50 मीटर. चालकाला ब्रेकवर पाय न्यायला एक सेकंद लागला तर तेवढ्यात 50 मीटर गेले. त्यानंतर बेताने ब्रेक लावून थांबायला आणखी सुमारे 250 मीटर लागतात. हे सगळे ठीक चालले तर. ब्रेक कमी पडले, थ्रॉटल अडकला, टायर फुटला, तर त्यासाठीही मोकळी जागा हवी, आणि तिच्या शेवटी वाळूचा खड्डा व जाळी हवी. म्हणून धावण्यापेक्षा थांबण्याची जागा मोठी ठेवावी लागते. रेसची पट्टी 402 मीटर म्हणताच एकूण एक किलोमीटरहून अधिक लांबीचा मोकळा, कुंपण घातलेला पट्टा हिशेबात धरावा. यात फाटा नको, दुभाजकातला कट नको, आडवी येणारी म्हैस नको.

ही भीती कल्पनेतली नाही. 21 जून 2008 रोजी अमेरिकेत न्यू जर्सीतल्या इंग्लिशटाउन येथे स्कॉट कॅलिटा या नामांकित चालकाच्या गाडीचे इंजिन शेवटच्या रेषेजवळ फुटले. गाडी वेळेत थांबली नाही, वाळूचा खड्डा ओलांडून पुढे गेली आणि त्याचा मृत्यू झाला. त्यानंतर काही आठवड्यांतच अमेरिकेच्या नॅशनल हॉट रॉड असोसिएशनने सर्वांत वेगवान दोन वर्गांसाठी अंतर 402 मीटरवरून 1000 फूट, म्हणजे सुमारे 305 मीटर केले. तेही तात्पुरता उपाय म्हणून. आजही ते वर्ग 305 मीटरच धावतात. अनुभवी संस्थेला, पक्क्या ट्रॅकवर, थांबायची जागा कमी पडली म्हणून शर्यतीचे अंतरच कापावे लागले. आणि आपण म्हणतो, हालोल रोड पुरेल.

आता पृष्ठभाग. कोरड्या डांबरावर साधा टायर जेवढा जोर पेलतो, त्याच्या कितीतरी पट जोर त्या सर्वांत वेगवान वर्गांतली टॉप फ्युएल गाडी सुटताना चाकांवर येतो. या गाड्या 305 मीटर चार सेकंदांच्या आत कापतात आणि ताशी 500 किलोमीटरच्या वर जातात. आपल्याकडच्या क्लब रेसमधल्या मोटारसायकली आणि मोटारी तितक्या जोरकस नसतात, पण तत्त्व तेच. म्हणून चांगल्या पट्टीवर सुटण्याची जागा काँक्रीटची करतात, कारण उन्हात डांबर मऊ पडते आणि टायरच्या रेट्याने त्याला लाटा येतात. आणि त्या पृष्ठभागावर माणसे बसवतात ती गोष्ट म्हणजे रबर.

इथून स्वयंसेवकांचे काम सुरू होते. आधी जुना, सोलून निघत असलेला रबराचा थर खरवडून काढायचा. मग झाडणे, हवेच्या झोताने धूळ उडवणे, सगळी ओल घालवणे. त्यानंतर ट्रॅक्टरच्या मागे जुने स्लिक, म्हणजे बिनखाचांचे, टायर वजनाखाली दाबून पट्टीवर घासत न्यायचे, पुन्हा पुन्हा, म्हणजे रबर काँक्रीटच्या छिद्रांत बसते. मग चिकट राळेचे मिश्रण पातळ करून फवारायचे, ते वाळू द्यायचे, त्यावर पुन्हा टायर ओढायचे. झाले का हे तपासायची जुनी पद्धत अगदी साधी आहे: पट्टीवरून चालायचे. बुटाचा तळ सुटताना आवाज आला, पाय ओढावा लागला, की पट्टी तयार. मोठ्या ट्रॅकवर यासाठी रबरी पायाचे मोजयंत्रही वापरतात, पण बूट सगळीकडे वापरतात.

हे एकदा करून भागत नाही. प्रत्येक वर्गानंतर सुटण्याची जागा पुन्हा बघावी लागते. ऊन चढले, पट्टीचे तापमान 60 अंशांच्या वर गेले, की तोच चिकट थर लोण्यासारखा सरकू लागतो. संध्याकाळी गार पडले की चिकटपणा कमी होतो, आणि दव पडले की रेस थांबवावीच लागते, दुसरा इलाज नाही. बडोद्यात मे महिन्यात सावलीतच 42 अंश असतात, तेव्हा उघड्यावरच्या काळ्या पट्टीचे काय होत असेल याचा अंदाज बांधा. डिसेंबर-जानेवारीत दिवस चांगला, पण रात्री दव. रात्री अकरानंतर रेस घ्या म्हणणाऱ्यांनी निदान एवढ्या एका गोष्टीचा विचार करावा.

त्यातच एखाद्याचे इंजिन फुटून तेल सांडले, तर सगळे पुन्हा पहिल्यापासून. तेल शोषणारी भुकटी टाकायची, घासायचे, धुवायचे, वाळवायचे, राळ फवारायची, रबर ओढायचे. प्रेक्षक घड्याळ बघत बसतात, "किती वेळ लावतात" म्हणतात. तो वेळ गुडघ्यांवर बसून पट्टी पुसणाऱ्या माणसांचा असतो. तेलाचा एक पुसट पट्टा राहिला तर पुढचा चालक भिंतीत जातो, हे त्यांना माहीत असते आणि आपल्याला नसते.

अर्धवट तयारी तर तयारी नसण्याहून वाईट. सुटण्याची जागा चिकट आणि पुढे शंभर मीटरवर कोरडे डांबर, असे झाले तर पकड अचानक सुटते, तीही वेग वाढत असताना. म्हणून तयारी पट्टीभर पुढे न्यावी लागते, निदान हळूहळू विरळ करत. एखाद्या हौशी गटाने सुरुवातीला चार डबे राळ ओतून "ग्रिप केली" असे सांगितले, तर तिथे गाडी चालवू नका.

यावर लगेच दुसरा सल्ला येतो: मग एखादी विमानाची धावपट्टी घ्या, ती तर तयारच असते. हे निम्मे खरे आहे, म्हणूनच ते जास्त टिकून आहे. ड्रॅग रेसिंगचा इतिहास धावपट्ट्यांवरच घडला. 1950 मध्ये कॅलिफोर्नियात सांता आना येथे विमानतळाच्या पट्टीवर तिकीट लावून रेस सुरू झाल्या. इंग्लंडमधले सांता पॉड 1966 मध्ये दुसऱ्या महायुद्धातल्या विमानतळावर उघडले. आपल्याकडे मद्रासजवळ शोलावरमच्या युद्धकालीन धावपट्टीवर अनेक दशके शर्यती झाल्या, आणि आजही लोणावळ्याजवळच्या ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर 'द व्हॅली रन' भरते. लांबी, सपाटी आणि मोकळी बाजू या तिन्ही गोष्टी धावपट्टी देते.

पृष्ठभाग मात्र देत नाही. विमान उतरते तिथे टायरचे रबर धावपट्टीला चिकटते, आणि विमानतळांना ते ठरावीक काळाने काढून टाकावे लागते, कारण पावसात तेच रबर निसरडे होते आणि विमान थांबत नाही. धावपट्टीला पाऊस धरूनच चालावे लागते. ड्रॅग पट्टी फक्त कोरड्यात वापरतात. विमानतळ जे रबर घासून काढतो, तेच ड्रॅग पट्टीवर घासून बसवावे लागते. त्यामुळे धावपट्टीवरच्या एका दिवसाच्या रेससाठीही झाडणे, खडे वेचणे, सुटण्याची जागा तयार करणे आणि शेवटी सगळे साफ करून पट्टी मालकाला परत देणे हे काम राहतेच. खडे वेचणे म्हणजे माणसांची आडवी रांग करून संपूर्ण लांबी चालत जाणे, नजर खाली. यंत्राने झाडल्यानंतरही हे करावे लागते.

हे सगळे पगारी लोक करतात, हाही गैरसमज आहे. अमेरिकेतल्या मोठ्या ट्रॅकवर पगारी तुकड्या असतात. लहान क्लबांत मात्र सदस्य, त्यांची मुले, जुने रेसर आणि मेकॅनिकच हे काम उचलतात. भारतात फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया या मान्यताप्राप्त संघटनेखालच्या स्पर्धांत झेंडे धरणारे, आग विझवायला उभे राहणारे, गाडी तपासणारे मार्शल बहुतेक स्वयंसेवकच असतात. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब 1953 मध्ये स्थापन झाला, शोलावरम चालवत राहिला, आणि 1990 मध्ये त्याने इरुंगट्टुकोट्टई येथे स्वतःचा ट्रॅक उभा केला. आधी माणसे, मग धावपट्टी, मग ट्रॅक, असा तो क्रम होता. बडोद्यात आपण उलट्या क्रमाने मागतो.

मराठी माणसाला हे नवे वाटायला नको. खेड, जुन्नर, आंबेगाव, शिरूरकडच्या गावांत बैलगाड्यांच्या शर्यतीचा घाट यात्रेआधी गावकरी स्वतः तयार करतात. दगड वेचतात, मुरूम टाकतात, पाणी मारतात, दाबतात. सरळ जमीन दिसली म्हणून कुणी बारी लावत नाही. घाट बिघडला तर बैल आणि माणूस दोन्ही जायबंदी होतात, हे तिथल्या लहान पोरालाही कळते. मोटारीच्या बाबतीत तेच ज्ञान आपण कुठे ठेवून येतो, मला कळत नाही.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

बर्नआउट, म्हणजे सुटण्याआधी ओल्या जागेवर चाके गरगर फिरवणे, हा नुसता देखावा आहे: नाही, स्लिक टायर त्याने साफ होतात, तापतात आणि पट्टीवर रबरही बसते. साध्या खाचांच्या टायरने मात्र त्या पाण्याच्या जागेत जाऊच नये, कारण खाचांतले पाणी थेट सुटण्याच्या रेषेवर सांडते.

कोल्ड्रिंक ओतले की पकड येते: साखर चिकट असते हे खरे, पण ती पाण्यात विरघळते. दव पडले की तिचा निसरडा चिखल होतो.

गुळगुळीत टायर म्हणजे झिजलेले टायर: स्लिक मुद्दामच तसे करतात, रबर जास्तीत जास्त टेकावे म्हणून.

आधी रेषा ओलांडतो त्याचीच गाडी जास्त वेगवान: गाडीचे घड्याळ हिरव्या दिव्याला सुरू होत नाही, गाडी जागेवरून हलून सुटण्याच्या रेषेवरचा प्रकाशकिरण सोडते तेव्हा होते. म्हणून दिव्यावर आळसलेला चालक कमी वेळ नोंदवूनही हरू शकतो.

पोलिसांनी डोळेझाक केली तर रस्त्यावर चालते: मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 प्रमाणे सरकारच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक जागी शर्यत लावणे गुन्हा आहे, आणि भाग घेणाऱ्याइतकाच ती होऊ देणाराही दोषी. 2019 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पोलिसांच्या तोंडी होकाराला यात काही किंमत नाही.

बडोद्याला ड्रॅग पट्टी मिळू नये असे मला मुळीच वाटत नाही. हालोलला मोटारी तयार होतात, इथल्या गॅरेजांत हात उत्तम आहेत, पोरांत हौस आहे. पण "रस्ता बंद करून द्या" हा अर्ज मागे घ्या. त्याऐवजी एक किलोमीटरहून लांब, कुंपणाची खासगी जागा किंवा बंद धावपट्टी शोधा. अर्जासोबत रुग्णवाहिका, अग्निशमन, तपासनीस आणि पट्टी तयार करणाऱ्या माणसांची यादी जोडा. ती माणसे आज आपल्याकडे नाहीत, म्हणून सुरुवात तिथूनच करा. येत्या हिवाळ्यात मान्यताप्राप्त क्लबच्या एखाद्या स्पर्धेत मार्शल म्हणून नाव नोंदवा, आणि तिथे पट्टीवर झाडू, ब्रश आणि फवारणीचा पंप घेऊन काम करणाऱ्यांबरोबर पूर्ण दोन दिवस राहा. गाडी घरी ठेवून जा.