आधी जागा, मग रवानगी

एखाद्या बँकेच्या संगणक-कक्षात प्रथमच पाऊल ठेवणाऱ्या माणसाचे लक्ष पंख्यांच्या अखंड घोंगावण्याकडे आणि लुकलुकणाऱ्या हिरव्या दिव्यांकडे जाते. परंतु कपाटांच्या पाठीमागून उतरणाऱ्या, नारिंगी अथवा निळसर-हिरव्या वेष्टणातल्या ज्या बारीक दोऱ्या तेथे जुडी करून बांधलेल्या असतात, त्यांच्याकडे तो क्वचितच पाहतो. खातेदाराने पैसे काढल्यावर त्याची नोंद जेथे उमटते तो साठा, आणि ती नोंद करणारा संगणक, यांच्यातला व्यवहार पुष्कळ ठिकाणी या दोऱ्यांतल्या काचतंतूंतूनच चालतो. आणि तो ज्या शिस्तीने चालतो तिचे नाव फायबर चॅनेल. अमेरिकेत १९८८ साली तिच्या रचनेस प्रारंभ झाला, आणि १९९४ साली तेथील राष्ट्रीय मानक संस्थेने तिला मान्यता दिली.

त्यापूर्वी साठ्याशी होणारा व्यवहार स्कझी नावाच्या समांतर पद्धतीने चाले. तीत आठ किंवा सोळा बिट एकाच वेळी, प्रत्येक आपापल्या तारेवरून, खांद्याला खांदा लावून धावणाऱ्या शिपायांप्रमाणे निघत. पण वेग वाढवावा तसतशी कोणी क्षणभर आधी तर कोणी क्षणभर मागाहून पोहोचे, ओळ मोडे, आणि म्हणून तिच्या उत्तरकालीन वेगवान प्रकारांतही तारेची लांबी बारा मीटरच्या आसपासच अडकून पडली. फायबर चॅनेलने ओळच मोडीत काढली : सारे बिट एकामागून एक, एकाच वाटेने. मग ओळ विस्कटण्याचे भयच उरले नाही.

मात्र एकच वाट म्हटल्यावर ताल दाखवणारी वेगळी तारही नाही; तेव्हा घेणाऱ्याने ताल ओळखायचा तो येणाऱ्या बिटांच्या चढउतारांवरूनच. यासाठी आयबीएममधील विडमर आणि फ्रानाझेक यांनी १९८३ साली प्रसिद्ध केलेली एक युक्ती स्वीकारण्यात आली : प्रत्येक आठ बिटांऐवजी दहा पाठवायचे, आणि ते असे निवडायचे की सारखेच बिट पाचांहून अधिक सलग येऊ नयेत आणि शून्ये व एक यांचा जमाखर्च सदैव बरोबर राहावा. पहिल्या प्रचलित वेगात सेकंदाला १०६ कोटी २५ लाख बिट धावत, पण मजकूर पोहोचे तो सुमारे १०० मेगाबाइट. हा वाढीव खर्च मला उधळपट्टी वाटत नाही. विश्वासाची ती रास्त किंमत होय. पाठवण्यासारखे काही नसले तरी ही वाट मूक राहत नाही, रिकामेपणाची ठरावीक खूण ती अहोरात्र उच्चारीत राहते, कारण मौन पडले की ताल सुटतो.

मजकूर फ्रेम नावाच्या लिफाफ्यांतून जातो. एका लिफाफ्यात जास्तीत जास्त २११२ बाइट, आणि वर २४ बाइटांचा सरनामा. सरनाम्यातला पत्ता तीन बाइटांचा असतो, आणि जिल्हा, तालुका, मौजा अशा उतरंडीने पत्र जसे मुक्कामी पोहोचते, तसा पहिला बाइट स्विच दाखवतो, दुसरा त्यातला विभाग आणि तिसरा नेमके द्वार.

परंतु या पद्धतीचा प्राण आहे तो तिच्या पत-व्यवहारात. दुसऱ्या कित्येक जाळ्यांत गर्दी झाली की पाकिटे टाकून दिली जातात व मागाहून पुन्हा मागवली जातात. येथे घेणारा आरंभीच सांगून ठेवतो की माझ्याजवळ इतक्या फ्रेम ठेवण्यापुरती जागा आहे, आणि पाठवणारा तेवढ्याच फ्रेम पाठवतो. ही झाली पाठवणाऱ्याची पत; या धंद्यातले लोक तिला ‘क्रेडिट’ म्हणतात. एक फ्रेम रवाना झाली की पत एकाने घटते, तिकडे जागा मोकळी झाल्याची पोच आली की एकाने वाढते, आणि शून्यावर आली की पाठवणारा हात आखडून थांबतो. गर्दीपायी टाकून देणे नाही.

अंतर वाढले की या हिशेबाला निराळेच रूप येते. काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लक्ष किलोमीटर जातो. त्यामुळे पहिल्या वेगात एक भरलेली फ्रेम तंतूवर सुमारे चार किलोमीटर पसरलेली असते. शंभर किलोमीटरांवरच्या दुसऱ्या केंद्राशी व्यवहार करायचा, तर पोच परत येईपर्यंत वाट भरलेली राहावी यासाठी पन्नासांच्या आसपास पत हवी. आठपट वेगात तीच चारशेंवर जाते. पत एकच असेल, तर तंतू कितीही उत्तम असो, एका सहस्रांश सेकंदाला एकच फ्रेम जाईल.

एका कार्यालयात मी पाहिलेली हकीकत येथे सांगावीशी वाटते. तेथला एक दुवा दिवसेंदिवस मंदावत चालला होता. यंत्रे निर्दोष होती, दिवे हिरवे होते, आणि तरीही सायंकाळचे हिशेब रात्रीपर्यंत लांबत. शेवटी एका तरुण तंत्रज्ञाने जोडणीचे टोक काढून भिंगाखाली धरले. पन्नास मायक्रॉन व्यासाच्या काचेच्या गाभ्यावर धुळीचा एक कण बसला होता. त्याच्यापायी अधूनमधून एखादा बिट बिघडे. बिघडलेली फ्रेम या शिस्तीच्या वरचा थर पुन्हा मागवून घेई, पण बिघडलेली पोच कोण मागवणार? पाठवणाऱ्याला ती पोहोचतच नसे, आणि दर वेळी एक पत खात्यातून कायमची नाहीशी होई. त्याने टोक कोरड्या फितीवर एकदाच, एकाच दिशेने, हलक्या हाताने ओढले, पुन्हा भिंगाखाली पाहिले, आणि जोडणी खोबणीत सारली तेव्हा ‘टक्’ असा बारीक आवाज झाला. दुवा नव्याने सुरू झाला, दोन्ही टोकांनी एकमेकांना आपापल्या जागेची मोजदाद पुन्हा कळवली, आणि खाते पूर्ण पतीनिशी उघडले.